नव्याची खुर्ची

ऐका. जळणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण परक्या देशातून निघायच्या दिवशी, हातात कात्री घेऊन, रिकाम्या खुर्चीमागे उभा राहून जळणारा मला एकच माहीत आहे. त्याचं सांगतो. चहा उकळेस्तोवर संपेल.

हा आपल्याकडचा न्हावी. तिकडच्या दुकानात सगळे त्याला कारागीर म्हणायचे. लग्न झाल्यावर गेला, तो तिकडचाच होऊन बसला. तिथली भाषा पाण्यासारखी बोलायचा. खिडकीजवळची खुर्ची त्याची. अख्ख्या गल्लीची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली. मग इकडं आई थकली, बायको म्हणाली, आता पुरे झालं, या. संध्याकाळचं विमान होतं. तरी पठ्ठ्या सकाळी दुकानात हजर. इस्त्रीचा शर्ट, कोरी फणी. मनात एकच, आज प्रत्येकावर शेवटचा हात फिरवायचा. आणि एकानं तरी म्हणावं की बाबा, असा हात आम्हाला पुन्हा मिळायचा नाही.

शेजारच्या खुर्चीमागे नवा. मालकिणीनं याच्या जागी ठेवलेला. लांबलचक, लाजाळू. कात्री अशी धरायचा, जशी काही ती चावणार आहे.

पहिला आला पोस्टमन. कारागिरानं कापड झटकलं, खुर्ची फिरवली. पोस्टमन त्याच्याकडं बघून हसला, हात हलवला आणि जाऊन बसला नव्यापुढं.

असेल, म्हटलं कारागिरानं. घाईत असेल.

मग बेकरीवाला. यानं इतकी वर्षं कारागिराशिवाय कुणाला कानाला हात लावू दिला नव्हता. तोही नव्यापुढं. मग औषधाच्या दुकानवाला. तोही. कारागिराचं कापड झटकून झटकून फाटायची वेळ आली.

"दादा, इथं जरा बघता का?" नव्यानं घाबरत विचारलं.

"तुझं गिऱ्हाईक आहे ना? तूच बघ."

खरं तर त्याला आरशात सगळं दिसत होतं. पोस्टमनचा एक कल्ला कानावर, एक गालावर. बेकरीवाल्याच्या मानेवर जिन्याच्या पायऱ्या. खोटं कशाला सांगू, आतून गार वाटलं त्याला. भोगा, म्हणाला मनात. पण केस कापून झालेले घरी जाईनात. बाकावर ओळीनं बसून एकमेकांना कोपरं मारत होते. आपली फजिती बघायला थांबलेत, असं त्यानं धरून घेतलं, आणि आणखी पेटला.

शेवटी आला म्हातारा टॅक्सीवाला. परक्या मुलखात याच्या कात्रीखाली आलेलं पहिलं डोकं ते. म्हाताऱ्याच्या टाळूवर दोन भोवरे. तिथं केस आधी भिजवावे लागतात, नाहीतर उभे राहतात, हे फक्त कारागिराला ठाऊक. त्यानं खुर्ची पुसली. म्हाताऱ्यानं दोन्ही खुर्च्या बघितल्या आणि टेकला नव्याच्या खुर्चीत.

कारागीर गप्प राहिला. मुद्दाम. नव्यानं कोरडेच केस कापले. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दोन झुपके उभे राहिले. बाकावर हशा पिकला. तेव्हा मात्र याचा बांध फुटला.

"आजोबा, तुम्हीसुद्धा? इतकी वर्षं माझ्याच हातात डोकं दिलंत, आज काय माझ्या हाताला कीड लागली?"

म्हातारा गळ्यातल्या कापडासकट उठला आणि याच्या खुर्चीत येऊन बसला.

"ओरडू नकोस. उद्यापासून हाच आमची भादरणार आहे."

"मग उद्या द्या ना त्याला! आजच काय नडलं होतं?"

"आज तू आहेस," म्हातारा म्हणाला. "आज तो चुकला तर निस्तरायला तू आहेस. उद्या आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. पोस्टमन, बेकरीवाला, औषधवाला, सगळे वाकडीतिकडी डोकी घेऊन खुर्चीमागं उभे राहिले.

"त्याला जवळ बोलव आणि करून दाखव," म्हातारा म्हणाला. "विमानाची चिंता करू नकोस. गाडी मीच चालवणार आहे."

कारागिरानं नाक ओढलं आणि तो नव्यावर खेकसला, "बघत काय उभा राहिलास, लेका? आधी पाणी मार!"

आता तो इथंच असतो, आपल्या वळणावर. दोन खुर्च्यांचं दुकान टाकलंय. एकीमागं तो, दुसरीमागं त्याची बायको. तिचा हात अजून बसायचाय. बोहनीलाच कुणी तिच्याकडं वळलं की हा आरशातून डोळे वटारतो, कापड उगाच झटकतो. पण गिऱ्हाइकांना सांगून ठेव म्हणून मला बजावलंय त्यानंच. तेव्हा तुम्हाला एक विनंती. केस वाढले की जा, आणि तो कितीही जळू दे, बसा तिच्याच खुर्चीत.