खडखडणारा कीबोर्ड

“सत्तर टक्के सूट? कुठेतरी पाणी मुरतंय,” ती म्हणाली. नवऱ्याला ऑनलाइन मिळणारा तो गेमिंग कीबोर्डच हवा होता.

“खडखड फार करतो, पण टिकतो. ऑफिसातली चार माणसं काढली, त्यांचं काम माझ्याच गळ्यात आलंय, तेही घरून करायचं.”

तिने शोधून शोधून वाईट तेवढे अभिप्राय वाचून दाखवले. त्याने मागवलाच.

महिनाभर बंद दाराआड दहा ते सहा बटणं वाजत राहिली. एकही दगा देईना. आपणच उगाच शंका काढली, असं तिला वाटू लागलं.

आज ती चहा घेऊन, दार न वाजवताच आत गेली. तो पाठमोरा बसून भराभर टाइप करत होता. कीबोर्डची वायर खोक्यातून आली तशीच, वेटोळं करून बांधलेली होती.

ती पाऊल न वाजवता बाहेर आली. मग तिने दार वाजवलं.