येते हं

सॉफ्टवेअर कंपनीतून रजा काढून सुदर्शन भर दुपारी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये जुनी, चार स्पीकरवर वाजणारी रेकॉर्ड लावून बसला होता. तीन कोपऱ्यांतले स्पीकर जोडून झाले होते. चौथ्याची वायर तो सोलत होता.

सतार थांबली. समोरच्या डाव्या स्पीकरमधून एक बाई म्हणाली, "येते हं."

"निरोप घेतेय बिचारी, तुझ्या खटपटीला कंटाळून," स्वयंपाकघरातून त्याची बायको उत्कर्षा म्हणाली.

मग समोरच्या उजव्यातून, "येते हं."

मग मागच्या उजव्यातून, अगदी जवळून, "येते हं."

सुदर्शनने झटक्यात सुई उचलली. तबकडी मुकाट फिरत राहिली.

चौथा स्पीकर त्याच्या पाठीशीच होता. त्याची वायर अजून सुदर्शनच्या हातातच होती.

त्यातून ती म्हणाली, "आले."