बोलावणं

थर्मामीटर सिस्टरच्या बाळाच्या काखेत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. तिने दार उघडलं. पायरीवर गवंडी उभा होता. हातावरचं सिमेंट धुवायलाही तो थांबला नव्हता.

"हिला कळा सुरू झाल्यात," तो म्हणाला. "चला लवकर."

सिस्टरने थर्मामीटर काढून पाहिला. पारा एकशे चारच्या वर गेला होता. मागच्या महिन्यात अशाच तापात बाळाला आकडी आली होती. पाळक, म्हणजे तिचा नवरा, मिशनची गाडी घेऊन डोंगरापलीकडच्या वस्तीवर उपासनेला गेला होता, तो संध्याकाळशिवाय परतणार नव्हता.

एरवी तिचं काही अडत नसे. या परक्या मुलखात बाळंतपणं करायला ती आली, तेव्हा बाळ तिच्या पोटातच होतं. नंतर ती त्याला पाठीशी बांधून घरोघरी जाऊ लागली. बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात टोपली ठेवायची, टोपलीत बाळ. हाताने दुसऱ्याचं मूल जगात आणायचं आणि पायाने आपल्याची टोपली हलवायची. इथली भाषाही तिला धड येत नव्हती. एकदा 'कळ दे' म्हणायच्या ऐवजी ती बाळंतिणीला 'प्रार्थना कर' असंच बजावत राहिली. ती बिचारी म्हणाली, "सकाळपासून तेच तर करतेय." दोघीही हसल्या, आणि त्या हसण्यातच बाळ बाहेर आलं. तेव्हापासून लोकांनी तिला आपली मानली.

बाळाला सांभाळायला कितीतरी जणी तयार होत्या. सासूबाईंनीही मायदेशाहून पत्रात लिहिलं होतं, "दोन वर्षं आमच्याकडे राहू दे त्याला." तिने कुणाचंच ऐकलं नाही. ज्याने काम दिलं त्यानेच बाळ दिलं, दोन्ही मीच सांभाळीन, असं ती म्हणायची. त्यात श्रद्धा होती, आणि थोडा ताठाही होता.

आता ती ओल्या फडक्याने बाळाचं अंग पुसत होती आणि दाराकडे बघत होती. गवंड्याने आत डोकावून पाहिलं. बाळाचा लालबुंद चेहरा बघून तो पायरीवर जाऊन बसला.

"उतरू द्या ताप," तो म्हणाला. "लेकराला असं टाकून कसं येणार? मी थांबतो."

त्याने घाई केली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

ताप उतरायला तासभर लागला. ती शेजारणीच्या हातात बाळ देऊन धावतच गेली. गवंड्याची बायको शिवणकाम करायची. शिवणयंत्रावर शिवून ठेवलेली झबली रचलेली होती. लग्नानंतर खूप वर्षांनी होणारं ते पहिलंच मूल. सिस्टर पोहोचली तेव्हा डोकं बाहेर आलं होतं आणि गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. तिने वेढे सोडवले, पाठ चोळली, तोंडाने श्वास दिला, पुन्हा पुन्हा दिला. मुलगी होती. ती रडलीच नाही.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाला, "देवाची इच्छा." सगळ्यांनी माना खाली घातल्या. सिस्टरच्या तोंडून 'आमेन' निघालं नाही. तासभर आधी आपण तिथे असतो तर काय झालं असतं, हे त्या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

प्रत्येक बाळंतिणीला ती तिसऱ्या दिवशी भेटायला जायची. या वेळी तिचा पाय उचलला नाही. आठवड्याने तिने नवऱ्याला सांगितलं, "आपण परत जाऊ. मला हे दोन्ही जमत नाही."

"अगं, एकदा विचार कर."

"तो करूनच बोलतेय."

दुपारी पाळक प्रार्थनाघराकडे गेला आणि ती सामान बांधायला बसली. बाळ जमिनीवर कपड्यांच्या ढिगात बसून स्वतःचाच मोजा चघळत होतं. तेवढ्यात दारात सावली पडली.

गवंड्याची बायको होती. चेहरा ओढलेला, अंगभर शाल लपेटलेली. शाल जरा सरकली तेव्हा सिस्टरला दिसलं, ब्लाउजवर दुधाचे दोन ओले डाग होते. ते दूध कसं आटवायचं, छातीला बांधून काय ठेवायचं, हे सांगायला तरी आपण जायला हवं होतं. सिस्टर उठून उभी राहिली. आता ही काय बोलेल, ते सगळं ऐकून घ्यायचं तिने ठरवलं. पण आधी आपणच बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"माझं चुकलं. त्या दिवशी मी..."

"ते राहू द्या," बाई म्हणाली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. "माझ्या धाकट्या जावेला कळा सुरू झाल्यात. आमचे हे बाहेर थांबलेत, तुम्हाला घेऊन जायला."

सिस्टरची नजर बाळाकडे गेली.

बाई खाली बसली. तिने दोन्ही हात पुढे केले. बाळाने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि रांगत जाऊन तिच्या मांडीवर चढलं. तिने त्याला शालीत घेतलं आणि डोळे मिटले.

"निघा तुम्ही, सिस्टर," ती म्हणाली. "याला मी बघते. मी काय, मोकळीच आहे."