जाऊन येतो

बोटीने धक्का सोडला, निशी-कसाई उपनगरातल्या इमारती मागे पडल्या, तरी सौमित्र बोलायचं नाव काढेना. नेत्रा चटईवर बसल्या बसल्या सारखी मांडी बदलत होती. नवऱ्याच्या ऑफिसची वर्षअखेरची पार्टी, बोटीवर, म्हणजे मध्येच उठून घरी जायचीही सोय नाही.

मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं की पुण्याला परत, कायमचं, हे घरी ठरलं होतं. जूनपासून नेत्रा कॉलेजात केमिस्ट्री शिकवणार होती. होकार कळवूनही झाला होता. इथे जपानला आल्यापासून ती कोम्बिनीच्या, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानाच्या, काउंटरमागे उभी राहून लोकांचे जेवणाचे डबे गरम करून देत होती आणि आता तिला त्याचा मनापासून वीट आला होता. साहेबांना तेवढं सांगायचं राहिलं होतं. ते आज सौमित्र सांगणार होता. बोटीवर सगळे खुशीत असतात, हे त्याचंच म्हणणं.

साहेब, कावामुरा-सान, आपल्या गावची, यामानाशीची पांढरी वाइन घेऊन आले होते आणि स्वतः फिरून सगळ्यांना ओतत होते. थंडगार, किंचित आंबट. नेत्राला आवडली. पण एक घोट घ्यायचा नि एकदा नवऱ्याकडे बघायचं, अशाने कसली वाइन अंगी लागते?

"बोलतोयस ना?"

"अगं, त्यांना बसू तर दे."

"ते बसले की तू उठशील?"

शेवटी तो उठला. बोट हलली तसा तोही हलला. जपानीत सगळ्यांचे आभार मानले, साहेबांचे दोनदा मानले. मार्चअखेर आम्ही पुण्याला, इथवर आला आणि अडला. घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आपल्याकडे पोराला बोलता येण्याआधीच शिकवतात. सौमित्र कमरेत वाकला आणि म्हणाला, "इत्ते किमास."

जाऊन येतो.

"जाऊन या," सगळी बोट जपानीत एका सुरात म्हणाली. टाळ्या पडल्या. कावामुरा-सान बाटली घेऊन लगबगीने आले. सुट्टी हवी तेवढी घ्या, म्हणाले, फक्त एप्रिलचं नवं काम सुरू व्हायच्या आत परत या. "हाय," सौमित्र म्हणाला. होय. त्यांनी त्याचा ग्लास काठोकाठ भरला.

ते पुढे गेल्यावर नेत्राने चेहरा हसरा ठेवूनच विचारलं, "काय बोललास हे?"

"येतो म्हणालो. आपण म्हणतो तसं."

"त्यांना ते खरं वाटलं."

"मग तोंडावर कसं खोडून काढणार? बघू ना. सोमवारी बोलतो."

चूक झाल्याची शरम त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट, सुटल्यासारखा दिसत होता. नेत्राला राग आला. तिने उरलेली वाइन सावकाश संपवली. चांगलीच होती.

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"पुण्याला. मार्चमध्ये."

"जाते म्हणू नये गं," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं. "येते म्हण."

तिने रिकामा ग्लास उपडा ठेवला. तो वाट बघत राहिला.