पुष्करच्या प्रोफाइलवरचे निरोप

कार्ड पुन्हा डिक्लाइन झालं.

"बाबा, तुमचा फोन द्या ना! कोड येईल त्यावर," ऊर्मी सोफ्यावरून ओरडली.

"कसला कोड?" रवींद्र किचनमध्ये काकडी चिरत होते.

"डॉलर कार्डाचा. पैसे भरतेय त्यात."

कार्ड म्हणायचं, पण हातात धरायला काहीच नाही. फोनमधल्या अ‍ॅपवर सोळा आकडे, बस! अ‍ॅनिमेशनचे सिनेमे दाखवणारी ती साइट अमेरिकन. ऊर्मीच्या कॅनेडियन डेबिट कार्डाला ती हिंग लावूनही विचारत नव्हती. म्हणून हे व्हर्च्युअल कार्ड. ऊर्मी अजून अठराची नव्हती, त्यामुळे त्यावर नाव बाबांचं. पैसे मात्र तिचे, शेजाऱ्यांच्या दारापुढचा बर्फ फावड्याने उपसून मिळवलेले.

"बंद करून टाक की. बघतं कोण ते?"

"दादा बघतो."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"चार्जिंगला लावलाय फोन. घे."

पुष्कर इंजिनिअरिंग सोडून अ‍ॅनिमेशन शिकायला मॉन्ट्रियलला निघून गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. तो निघताना बाबा म्हणाले होते, "गेलास तर मला फोन करू नकोस." तोही बाबांचाच मुलगा. नाहीच केला. आईने 'जेवलास का' विचारलं की उत्तरादाखल नुसता अंगठा यायचा. ऊर्मी लांबलचक निबंध पाठवायची. त्यालाही अंगठाच.

भांडण झालं की थेट बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची जुनी रीत. "तुझ्या बाबांना सांग, पानं घेतलीत." "तुझ्या आईला सांग, मला भूक नाहीये." दोघं एकाच टेबलाशी बसलेले आणि मधे ऊर्मी! बोलायला लागल्यापासून ती या घरची पोस्टमन होती. फक्त मॉन्ट्रियलची डाक तिला जमत नव्हती.

पण त्या साइटवर, घरच्या सगळ्यांच्या अकाउंटमध्ये, दादाचं प्रोफाइल अजून होतं. त्यातले अर्धवट पाहिलेले सिनेमे आठवडाभरात पुढे सरकलेले दिसायचे. म्हणजे दादा होता. म्हणून तर ते कार्ड तिला काहीही करून जिवंत ठेवायचं होतं.

आणि एक दिवस स्कूल बसमध्ये तिला जबरदस्त आयडिया सुचली. प्रोफाइलचं नाव तर कोणीही बदलू शकतं! तिने 'पुष्कर' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'दादा, आहेस?'

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिने साइट उघडली. नावाच्या जागी होतं, 'आहे.'

ऊर्मीने सोफ्यावर अशी उडी मारली की आई बेसमेंटमधून ओरडली, "ऊर्मे, मोडशील तो सोफा!"

आईला सांगावंसं फार वाटलं. पण ती आधी रडली असती, मग बाबांना कळलं असतं आणि सगळंच मुसळ केरात. दादालाही मेसेजमध्ये यातलं काही लिहायचं नाही, असं तिने ठरवलं. उगाच लाजून पुन्हा अंगठ्यावर यायचा!

बाबांची तशी धास्ती नव्हती. कनाटा या उपनगरातल्या ऑफिसात ते मोठमोठी नेटवर्क सांभाळायचे खरे, पण घरी आले की "ऊर्मी, या रिमोटचं कुठलं बटण गं?" सुरू.

त्या नावाच्या जागेत मोजकीच अक्षरं मावायची. तिने लिहिलं, 'घरी ये ना.'

'बाबा काय म्हणतात?'

'काही नाही. तुझे बूट पुसून ठेवतात.'

त्यावर बरेच दिवस उत्तर आलं नाही. ऊर्मीचा जीव टांगणीला. मग आलं, 'चूक कोणाची?'

आधीची ऊर्मी असती तर तिने हसरा चेहरा टाकून विषय बदलला असता. पण या वर्षी ती शाळेच्या डिबेट टीममध्ये होती, स्पष्ट बोलायची तिला आता सवय लागली होती. 'बाबांची. थोडी तुझी.'

'आधी फोन कोणी करायचा?'

'बाबांनी. मोठे आहेत ना!'

आणि प्रोफाइल गप्प झालं. सिनेमाही होता तिथेच अडकून राहिला. काय हा मूर्खपणा! आता दादा बाबांच्या फोनची वाट बघत बसणार, आणि बाबा तर जन्मात करणार नाहीत.

रात्री जेवताना तिने हिय्या केला.

"बाबा..."

"हं?"

बाबा ताटात बघत होते. कानशिलाजवळ केस पांढरे झालेले. कधी झाले?

"काही नाही. मीठ द्या."

शनिवारी सकाळी आईच्या फोनवर मेसेज आला. अंगठा नव्हता. 'दुपारच्या बसने येतोय.' आईने तो दोनदा मोठ्यांदा वाचला. बाबा म्हणाले, "तुम्ही दोघी जा आणायला, मी वडे तळून ठेवतो," आणि साबुदाणा कालवायला लागले.

बसमधून पुष्कर उतरला. बारीक झालेला, दाढी वाढवलेला. आईने त्याला मिठी मारली, भरपूर रडून घेतलं आणि डोळे पुसत गाडी आणायला गेली.

"काय अवतार आहे हा!" ऊर्मीने त्याच्या पोटात गुद्दा मारला. "पण प्रोफाइलवर भारी लिहायचास हं, मानलं तुला."

"कुठल्या प्रोफाइलवर?"

"ओ हॅलो! नाटकं नकोत. आपली अ‍ॅनिमेशनची साइट."

"ती? मॉन्ट्रियलला गेलो तेव्हाच लॉग आउट केलं मी. कॉलेजमध्ये फुकट बघायला मिळतं सगळं."

"मग तू... आलास कसा?"

पुष्करने बॅग खांद्यावर नीट केली.

"बाबांचा फोन आला परवा. आधी 'जेवलास का' विचारलं. मग म्हणाले, आधी मीच फोन करायचा, असं ऊर्मीचं म्हणणं आहे."