पूजेतली कुपी

एक हिरवा फोटो मिळाला की हेमांगीची पीएचडी होणार होती. माणसाच्या पेशींना गंजण्यापासून वाचवणारं एन्झाइम हिरवं चमकवून दाखवणारी अँटिबॉडी मागवल्यावर चार महिन्यांनी परदेशातून आली होती. उजेडात ती चमक विझते, म्हणून हेमांगीनं तिची कुपी काळ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली.

दसऱ्याला येऊन बघते तर प्रयोगशाळेत पूजा मांडलेली. मायक्रोस्कोपला झेंडूचा हार, आणि ताटात, थेट उन्हात, कागद सोललेली कुपी!

“सर, ही केव्हापासून इथे?”

“सकाळपासून. अगं, सगळ्यात मोलाची वस्तू पूजेत नको?” तिचे गाईड गद्रे सर कौतुकानं म्हणाले.

संध्याकाळी हार बाजूला सारून तिनं ती अँटिबॉडी लावलेल्या पेशी पाहिल्या. नुसता काळोख.

“परत मागवू की!” सर म्हणाले.

पेढे सगळ्यांनी खाल्ले, पुण्य सरांना लाभलं, नि पुढचे चार महिने एकट्या हेमांगीच्या माथी आले.