शेवग्यावरचा सुरवंट

सकाळी पावणेआठला भागीरथाच्या डाव्या डोळ्यावर सुरवंट पडला. अंगणातल्या शेवग्याची फांदी वाकवून ती भाजीसाठी पाला तोडत होती. तिनं तो झटकला. जमिनीवर पडून त्यानं अंगाचं वेटोळं केलं; नारिंगी अंग, काळे पट्टे, पांढऱ्या केसांचे झुबके. कोंबडी धावत आली, चोच मारली, तसाच टाकून दिला आणि चोच मातीत घासत राहिली.

तिच्या नवऱ्यानं, देवाजीनं, घोंगडीचा तुकडा आणला. सुरवंट लागला की गाव त्याच्याच दारी यायचं. खरखरीत घोंगडी कातडीवरून फिरवली की केस लोकरीला चिकटून निघत. त्याच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत.

"डोरा मीट," तो म्हणाला. पापणीवरून घोंगडी तीनदा फिरवली, दाबून.

"अजून टोचून राह्यलं."

त्यानं आणखी दोनदा फिरवली.

दुपारी साडेबाराला गडचिरोलीत डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी औषधाचे थेंब टाकून डोळा बधिर केला. चिमट्यानं एकेक केस काढून पांढऱ्या कापसावर ठेवला. नऊ झाले.

"डोळा चोळला होता का?"

"नाई," देवाजीच्या आधी भागीरथा बोलली. "हातच नाई लावला."

"बरं केलं. या केसांना बारीक काटे असतात. म्हणून तर पाखरं त्याला सोडून देतात. चोळलं की केस आत सरकतो, मागं येत नाही."

देवाजी कापसाकडं पाहत होता.

"घासला, बाई," तो म्हणाला. "म्याच घासला. घोंगडीनं. पाच खेपा."

डॉक्टरबाईंनी बाजूला सारलेला दिवा पुन्हा ओढला. बराच वेळ पाहिलं. दहावा केस सापडला. त्याच्यापर्यंत चिमटा पोचत नव्हता.

बाहेर बाकावर भागीरथा पट्टी बांधून बसली.

"काऊन सांगतलं? आता कोण येईन तुमच्या दारी?"

"तुले दुखते का?"

"बधिर केला ना. काईच कळून नाई राह्यलं."

देवाजीनं मान हलवली. त्यालाही काही कळत नव्हतं.

दहावा केस बुबुळात आहे. तो जागीच थांबलाय की पुढं सरकतोय, ते शुक्रवारच्या तपासणीत कळेल. घोंगडीचा तुकडा देवाजीच्या खिशात आहे.